फेव्हिकेन : तळघरातली मेजवानी

स्वीडनमध्ये नॉर्वेच्या सरहद्दीला लागून येम्टलांड नावाचा डोंगराळ, जंगलांचा प्रांत आहे. स्टॉकहोमहून मोटारीने निघालं तर सहाशेहून अधिक किलोमीटर. तिथे, ६३ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर, फेव्हिकेन नावाच्या एका जुन्या जमीनदारी वाडीवर २००८ ते २०१९ या काळात एक रेस्टॉरंट चाललं. सुरुवातीला एका रात्री जेमतेम बारा-सोळा पाहुणे असत. पण ते जगभरातून येत, वीस-तीस छोट्या पदार्थांचं एकच ठरलेलं जेवण जेवत आणि रात्र तिथेच काढत. एवढ्या आडबाजूला दुसरीकडे जाणार तरी कुठे?

हे घडवणारा मागनुस निल्सन याच प्रांतातला. पॅरिसच्या ‘लास्ट्रान्स’मध्ये पास्काल बार्बो यांच्या हाताखाली काम करून तो मायदेशी परतला, तेव्हा स्वयंपाकाला रामराम ठोकायच्या विचारात होता. फेव्हिकेनच्या मालकांनी त्याला बोलावलं ते वाइनचा साठा लावून द्यायला, तेही काही महिन्यांपुरतं. पुढे तो स्वयंपाकघरात शिरला तो अकरा वर्षं तिथेच राहिला.

त्याने घालून घेतलेली अट साधी दिसते: जे शिजवायचं ते आसपासच्या शेतांत, जंगलांत, तळ्यांत मिळालेलं असावं. समुद्रातले जीव शेजारच्या नॉर्वेच्या किनाऱ्यावरून, आणि मीठ-साखर अर्थातच बाहेरून. ‘स्थानिक’ हा शब्द आज हॉटेलवाल्यांनी इतका स्वस्त केला आहे की त्यात नवल वाटू नये. नवल आहे ते हवामानाचं. इथे जवळजवळ निम्मं वर्ष जमीन बर्फाखाली असते. कोकणात आगोट भरतात ती पावसाच्या चार महिन्यांसाठी. इथली बेगमी त्याहून मोठी, आणि तिच्यावर दोन मिशेलिन तारे मिळवणारं जेवण उभं करायचं!

म्हणून फेव्हिकेनचं खरं स्वयंपाकघर म्हणजे टेकडीच्या पोटात खोदलेलं तळघर. गाजर, बीट, सलगम ही दोन वर्षं जगणारी झाडं. पहिल्या वर्षी ती मुळात अन्न साठवतात आणि हिवाळाभर निपचित पडून राहतात. मूळ गोठणबिंदूच्या थोडं वर, ओलसर वाळूत ठेवलं, तर ते जिवंतच राहतं. थंडीत गाजराची गोडीही वाढते. त्यामुळे फेब्रुवारीत पानात आलेलं गाजर शिळं नसे. ते फक्त झोपलेलं असे. बाकी माल खारवलेला, आंबवलेला, वाळवलेला. व्हिनेगर मुरवायचं तेसुद्धा आतून जाळून पोकळ केलेल्या स्प्रूस वृक्षाच्या खोडात. बटाटे उकडायचे ते गेल्या वर्षी गळून कुजत आलेल्या पानांबरोबर, म्हणजे जंगलातल्या मातीचा वास त्यांत उतरतो.

मांसाचंही तसंच. स्वयंपाकी सहसा कोवळं जनावर शोधतात. निल्सन दूध देऊन देऊन भाकड झालेल्या गाई घ्यायचा. वय झालेल्या स्नायूला चव अधिक असते, पण तो चिवट असतो. यावर उपाय म्हणजे वेळ. थंड, कोरड्या हवेत मांस महिनोन्‌महिने टांगून ठेवलं की त्यातलीच विकरं प्रथिनांचे धागे तोडत जातात, पाणी उडून जातं आणि चव दाट होते.

संध्याकाळी आधी सौना. मग सातच्या सुमारास सगळे पाहुणे खालच्या मजल्यावर एकत्र बसत. जवसाची पापडी, डुकराच्या रक्ताच्या कुरकुरीत वाटीत ट्राउटची गाभोळी, असे हाताने खायचे घास येत. त्यानंतर लाकडी जिना चढून अठराव्या शतकातल्या धान्याच्या कोठारात. उशिरा येण्याची सोय नाही, कारण प्रत्येक पदार्थ सर्वांना एकाच क्षणी वाढला जाई. निल्सन टाळी वाजवून काय आलं आहे ते सांगायचा. त्याचा सर्वांत नावाजलेला पदार्थ म्हणजे स्कॅलप: मोठ्या शिंपल्यातला हा जीव बर्चच्या निखाऱ्यांवर शिंपल्यातच शिजवायचा आणि धुमसत्या ज्युनिपरच्या फांद्यांवर ठेवून आणायचा. त्याच्याच रसात तो खायचा, वर काही नाही. मग दोघे जण जेवणघरातच करवतीने गाईची नळी कापत आणि आतली मज्जा कच्च्या हृदयाच्या बारीक तुकड्यांबरोबर वाढत. यात थोडा नाटकीपणा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही.

मला जास्त भावतो तो गोडाचा पदार्थ. साखरेत मुरवलेला अंड्याचा बलक, खाली पाइनच्या सालीच्या केकचा चुरा. दुष्काळात या भागातले लोक सालीच्या आतला थर वाळवून, दळून भाकरीच्या पिठात मिसळत. पोट भरायला नाइलाजाने खाल्लेली गोष्ट इथे श्रीमंतांच्या ताटात, पण खोटी न होता, आली होती.

खोल्या मोजक्या आणि अगदी साध्या होत्या. सकाळी लापशी, घरचं चीज, खारवलेलं मांस, पाव. रात्री इतकं खाऊनही लोक या न्याहारीचं कौतुक वेगळं करत.

२०१६ साली तारे मिळाले, माहितीपट झाले, टेबलं कायम भरलेली असत. तरी मे २०१९ मध्ये निल्सनने बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच डिसेंबरात शेवटचं जेवण वाढलं. तोटा नव्हता, भांडण नव्हतं. पूर्वीची ओढ उरली नाही आणि कुटुंबाला वेळ द्यायचा आहे, एवढंच कारण होतं. पुढे त्याने स्वीडनच्या दक्षिणेत सफरचंदाची बाग सांभाळायला घेतली आणि कोपनहेगनमध्ये ‘माद’ या संस्थेच्या अकादमीत स्वयंपाक्यांना शिकवण्याचं काम पत्करलं.