जननेंद्रियांवरील चामखिळींचे उपचार
जननेंद्रियांवरील चामखीळ हा मानवी पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) लैंगिक संसर्ग असून सुमारे ९० टक्के रुग्णांत विषाणूचे ६ व ११ हे प्रकार आढळतात. उपचाराने चामखीळ जाते, परंतु विषाणू शरीरात राहू शकतो; त्यामुळे कोणत्याही पद्धतीनंतर ती पुन्हा उद्भवू शकते.

पॉडोफायलोटॉक्सिन (४ आठवड्यांपर्यंत) व इमिक्विमॉड (१६ आठवड्यांपर्यंत) ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी लावता येतात. गर्भारपणात मात्र ती टाळतात. तेव्हा डॉक्टर ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल लावतात किंवा द्रव नायट्रोजनने चामखीळ गोठवतात. मोठ्या चामखिळींसाठी विद्युतदहन, लेसर वा शस्त्रक्रिया केली जाते. त्यांत भूल लागते व व्रण राहू शकतो. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक संसर्गांवर विनामूल्य उपचार मिळतात.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ लस ६ व ११ या प्रकारांपासूनही संरक्षण देते. झालेली चामखीळ ती बरी करत नाही.