मायकनला आज टीममध्ये कोण घेईल?

बास्केटबॉलच्या उन्हाळी शिबिरात पहिला आठवडाभर मी मुलांना एकच गोष्ट करायला लावतो. रिंगच्या खाली उभं राहायचं. उजव्या बाजूने, उजव्या हाताने, बोर्डावरून चेंडू आत टाकायचा. जाळीतून सुटलेला चेंडू जमिनीला टेकायच्या आत पकडायचा, एक पाऊल टाकून डावीकडे जायचं आणि आता डाव्या हाताने टाकायचा. हात खांद्याखाली आणायचे नाहीत, मध्ये थांबायचं नाही. सकाळी सहा-साडेसहाला सुरुवात करतो, कारण मे महिन्यात नागपुरात नऊनंतर सिमेंटच्या कोर्टवर बुटांतूनही तळवे भाजतात. या सरावाला जगभर ‘मायकन ड्रिल’ म्हणतात. मुलं ती मन लावून करतात, पण मायकन कोण हे त्यांना ठाऊक नसतं.

यंदा नागपुरातल्या धरमपेठेतल्या एका मुलाने फोनवर मायकनची जुनी फिल्म शोधून काढली आणि माझ्यासमोर धरली. “सर, हा तर चष्मा लावून खेळून राहिला! याला आज टीममध्ये कोण घेईल?”

प्रश्न रास्त आहे, आणि ‘जुनं ते सोनं’ म्हणून तो झटकून टाकणं मला मान्य नाही. सहा फूट दहा इंचांचा जॉर्ज मायकन १९५० च्या सुमारास मिनियापोलिस लेकर्सकडून खेळायचा आणि त्याला अडवणं कुणालाच जमत नव्हतं. म्हणून १९५१ मध्ये रिंगसमोरची पट्टी, जिला आपण ‘डी’ म्हणतो, सहा फुटांवरून बारा फूट रुंद केली गेली. त्याआधी २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने चेंडू नुसता हातात धरून वेळ काढला. मायकनपर्यंत तो पोचूच द्यायचा नाही, एवढाच बेत. सामना १९-१८ असा संपला. लेकर्सच्या अठरा गुणांपैकी पंधरा एकट्या मायकनचे होते, तरी ते हरले. असल्या सामन्यांना प्रेक्षक कंटाळले आणि १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं.

त्या फिल्ममधला मायकन जसाच्या तसा उचलून आज कोर्टवर उभा केला, तर तो पाच मिनिटंसुद्धा टिकणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आजचे गार्ड त्याला रिंगपासून लांब ओढतील आणि त्याच्या बाजूने सुटतील. तेवढं भराभर आडवं सरकणं त्याच्या पायांत नव्हतं. पण याच मायकनने पुढे केलेलं एक काम त्या मुलाला माहीत नव्हतं. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या एनबीए लीगला टक्कर द्यायला ‘एबीए’ ही नवी लीग निघाली. मायकन तिचा पहिला आयुक्त झाला आणि त्याने तिथे तीन गुणांची रेषा आणली. त्याआधीही एका अल्पायुषी लीगने ती वापरली होती, पण रुजली ती एबीएमुळे. एनबीएने ती १९७९ मध्ये घेतली, आंतरराष्ट्रीय नियमांत ती १९८४ मध्ये आली. रिंगखाली उभं राहून राज्य केलेल्या माणसाने रिंगपासून दूरचा खेळ आणला!

जुना आणि नवा खेळ वेगळा होतो तो मुख्यतः या रेषेमुळे. तिचा हिशेब मी मुलांना खडूने जमिनीवर मांडून दाखवतो. रेषेबाहेरून शंभर शॉट मारले आणि पस्तीस गेले, तर १०५ गुण. रेषेच्या जरा आतून शंभर मारले आणि चाळीस गेले, तर ८०. आतून खेळून १०५ गाठायला शंभरात बावन्न-त्रेपन्न शॉट जावे लागतात, आणि तेवढे मधल्या अंतरावरून भल्याभल्यांचे जात नाहीत. हे सगळ्यांच्या गळी उतरायला मात्र पंचवीस-तीस वर्षं लागली. १९८५-८६ च्या मोसमात एनबीएत सर्वांत जास्त तीन गुणांचे शॉट लॅरी बर्डचे गेले, अख्ख्या मोसमात ८२. तीस वर्षांनी, २०१५-१६ मध्ये, स्टेफन करीचे ४०२ गेले. बर्डचा नेम कच्चा नव्हता. तेवढे मारायचे असतात, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणून जुन्या फिल्मा बघताना आधी त्या काळचे नियम माहीत हवेत. मायकनच्याच काळातल्या बॉब कूझीला बघून मुलं हसतात, कारण तो बहुतेक वेळा उजव्या हातानेच ड्रिबल करतो आणि हात चेंडूच्या वर सपाट ठेवतो. तेव्हा हात चेंडूखाली सरकला की पंच शिट्टी वाजवायचे. आजचे अर्धेअधिक ड्रिबल त्यांनी तिथल्या तिथे थांबवले असते.

याच कूझीबद्दल २०२२ मध्ये माजी खेळाडू जेजे रेडिक टीव्हीवर म्हणाला की त्याला अडवायला प्लंबर आणि फायरमन असायचे. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. त्या काळात खेळाच्या पैशांवर घर चालत नव्हतं. बरेच खेळाडू मोसम संपला की दुसरं काम करायचे. म्हणूनच तर कूझीने १९५४ मध्ये खेळाडूंची संघटना उभी केली, आणि आजच्या खेळाडूंच्या करारांचं मूळ तिथे आहे. आपल्याकडे तर अजून तेच चाललंय. रेल्वे, पोलीस, सैन्यदलं, बँका यांच्या नोकऱ्यांवरच भारतातला बास्केटबॉल जगतो. मी स्वतः बँकेत दिवसभर खातेवह्या बघून संध्याकाळी सहाला बूट बांधायचो. धरमपेठेला लागून असलेल्या शिवाजीनगर जिमखान्यावर खेळताना समोरच्या संघातही नोकरदारच असायचे. दिवसाला दीड तास सराव आणि तोही पावसाळ्यात बंद, अशा माणसाची तुलना आहारतज्ज्ञ, फिजिओ आणि बंदिस्त लाकडी कोर्ट मिळालेल्या खेळाडूशी करायची, तर आधी दोघांच्या हातात सारखं सामान द्यायला हवं.

महाराष्ट्रात त्या मुलाचा हा प्रश्न मी अब्बास मुंतसिरवरून विचारतो. मुंबईच्या नागपाड्यात मस्तान वायएमसीएचं कोर्ट आहे. आजूबाजूला दाटीवाटीची वस्ती आणि त्यातून निघालेले एकाहून एक खेळाडू. मुंतसिर त्यांतला सर्वांत मोठा. त्याने भारताचं नेतृत्व केलं आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. आमच्या पिढीने त्याचं नाव ऐकलं ते पाठीमागून दिलेल्या पाससाठी, आणि बचाव करणाऱ्याला एकीकडे बघायला लावून चेंडू दुसरीकडे काढण्यासाठी. तो ऐन भरात होता तेव्हा वीस-वीस मिनिटांचे दोन भाग होते, शॉटला तीस सेकंद मिळायचे आणि तीन गुणांची रेषा नव्हती. कितीही लांबून मारा, दोनच गुण. आज दहा मिनिटांची चार सत्रं, २४ सेकंद आणि ६.७५ मीटरवर रेषा आहे. आज तो खेळला असता का? माझ्या मते हो, आणि अधिक खुलला असता. त्या रेषेमुळे बचाव करणारे पाच जण पांगतात, मध्ये जागा मोकळी होते, आणि ती जागा आधी दिसणारा पासर आज सर्वांत मोलाचा. ती नजर शिबिरात शिकवून येत नाही. शॉट शिकवता येतो.

भारतापुरता तर हा प्रश्न उलटाही विचारता येतो: आजचा संघ जुन्या संघापुढे टिकला असता का? आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आपल्या पुरुष संघाची सर्वोत्तम कामगिरी १९७५ ची, चौथं स्थान. ऑलिम्पिक एकदाच खेळलो, १९८० मध्ये मॉस्कोला, तेही अनेक देशांच्या बहिष्कारामुळे. तिथे सगळे सामने हरलो. आता आशियाच्या गटात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही आलेत, त्यामुळे वाट जास्त अवघड झाली, हे खरं. पण पन्नास वर्षांत आपण १९७५ ची पायरी पुन्हा गाठलेली नाही, हेही तितकंच खरं. आपल्या नागपूरची सिया देवधर भारताकडून खेळते तेव्हा मला आनंद होतो आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, शहरात शाळा-क्लब मिळून बंदिस्त कोर्टं किती? उघड्यावर रेषेबाहेरून शॉट मारताना वारा चेंडू हातभर ढकलतो. आमचे जुने लोक बोर्डावरून मारायचे, त्यामागे हेही एक कारण होतं.

शॉट शिकवता येतो असं मी म्हणतो, त्याला पुरावा आहे ब्रुक लोपेझ. सात फुटांचा सेंटर, जुन्या वळणाचा. एनबीएतल्या पहिल्या आठ मोसमांत मिळून त्याने तीन गुणांचे ३१ शॉट मारले, गेले ३. नवव्या मोसमात, २०१६-१७ मध्ये, त्याचे १३४ गेले. माणूस तोच, उंची तीच, पाय तर आणखी जड झालेले. प्रशिक्षकाने सांगितलं आणि त्याने केलं. जे लोपेझला अठ्ठाविसाव्या वर्षी जमलं, ते मुंतसिरला किंवा बर्डला जमलं नसतं असं कसं म्हणायचं?

मात्र त्यासाठी शिकायची तयारी लागते, आणि ती प्रत्येक महान खेळाडूत असतेच असं नाही. विल्ट चेंबरलेनचं बघा. सात फूट एक इंच, कॉलेजात उंच उडीही मारायचा. १९६१-६२ मध्ये त्याची सरासरी सामन्याला ५०.४ गुण होती. तेव्हा प्रत्येक संघ सामन्यात सुमारे १०७ शॉट मारायचा, आज ८९ च्या आसपास. म्हणजे आज तो आकडा बराच खाली येईल, तरी ते शरीर आजही कुणालाही झेपणार नाही. त्याच मोसमात तो फ्री थ्रो दोन्ही हातांनी खालून टाकायचा, आणि २ मार्च १९६२ रोजी हर्शीमध्ये शंभर गुण केले तेव्हा ३२ पैकी २८ फ्री थ्रो गेले. पुढे त्याने ती पद्धत सोडून दिली, कारण खालून टाकताना आपण बावळट दिसतो असं त्याला वाटायचं. कारकिर्दीत त्याचे शंभरातले एकावन्न फ्री थ्रो गेले. आजचा प्रतिस्पर्धी संघ त्याला मुद्दाम फाउल करून फ्री थ्रोच्या रेषेवर उभा करेल. म्हणून त्या मुलाला मी सांगितलं, चेंबरलेनला मी डोळे मिटून टीममध्ये घेईन, पण सामना दोन गुणांवर आला की शेवटच्या दोन मिनिटांत त्याला बाकावर बसवीन.