नव्या प्रशिक्षकाची पारख : पहिल्या हंगामाचे आकडे किती बोलके?

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा २०२५ चा हंगाम नव्या प्रशिक्षकांच्या मूल्यमापनाच्या दृष्टीने लक्षवेधी ठरला. लॉस एंजेलिस येथील यूसीएलए या विद्यापीठाने डेशॉन फॉस्टर यांना त्यांच्या दुसऱ्या हंगामातील अवघ्या तीन सामन्यांनंतर, १४ सप्टेंबर २०२५ रोजी, पदावरून दूर केले. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक या नात्याने सहा वेळा सुपर बोल जिंकून देणारे बिल बेलिचिक यांच्या पदरी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील पहिल्या वर्षी ४ विजय आणि ८ पराभव पडले. दुसरीकडे, कर्ट सिग्नेटी यांच्या मार्गदर्शनाखाली इंडियाना विद्यापीठाने त्यांच्या दुसऱ्याच वर्षी सर्व १६ सामने जिंकले आणि जानेवारी २०२६ मध्ये आपल्या इतिहासातील पहिले राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.

या पार्श्वभूमीवर एक जुनाच प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे. नव्या मुख्य प्रशिक्षकाची पारख किती काळाने आणि कोणत्या निकषांवर करावी? गेल्या चार दशकांतील उदाहरणे पाहता पहिल्या हंगामातील विजय-पराभवाचा तक्ता हा यातील सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा निकष असल्याचे दिसून येते.

प्रशिक्षकपदाचे महत्त्व

येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूने खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल होय. प्रमुख विद्यापीठांचे संघ हंगामात साधारणपणे बारा नियमित सामने खेळतात आणि अनेक ठिकाणी ते पाहण्यासाठी लाखभर प्रेक्षक मैदानावर जमतात. मुख्य प्रशिक्षक केवळ डावपेच आखत नाही. शालेय खेळाडूंना विद्यापीठात येण्यासाठी राजी करणे, सहाय्यकांची निवड, खेळाडूंची शिस्त आणि अभ्यास, तसेच देणगीदारांशी संबंध ही सर्व जबाबदारी त्याच्यावर असते. यातील बहुसंख्य मोठी विद्यापीठे शासकीय आहेत, आणि बहुतेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा शासकीय कर्मचारी हा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षकच असतो. त्यामुळे त्याच्या नेमणुकीचा वा हकालपट्टीचा निर्णय क्रीडा विभागापुरता मर्यादित राहत नाही.

संघ नवा नसतो, प्रशिक्षक नवा असतो

पहिल्या वर्षी मैदानात उतरणारे बहुतेक खेळाडू आधीच्या प्रशिक्षकाने निवडलेले असतात, ही गोष्ट मूल्यमापनाच्या वेळी अनेकदा विसरली जाते. नोटर डेम विद्यापीठाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. टायरोन विलिंगहॅम यांनी २००२ मध्ये सलग आठ विजयांनी कारकिर्दीला प्रारंभ केला, तेव्हा त्यांचे मोठे कौतुक झाले. पुढील दोन वर्षांत कामगिरी घसरताच, २००४ च्या अखेरीस त्यांना दूर करण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या चार्ली वाइस यांनी २००५ मध्ये पहिल्या सातपैकी पाच सामने जिंकले. तेवढ्यावरच विद्यापीठाने ऑक्टोबरअखेर त्यांचा करार २०१५ पर्यंत वाढविला.

तथापि, त्या संघाचा आधारस्तंभ असलेला क्वार्टरबॅक ब्रॅडी क्विन हा विलिंगहॅम यांच्या काळात विद्यापीठात दाखल झालेला खेळाडू होता. तो २००६ च्या हंगामानंतर बाहेर पडला आणि २००७ मध्ये संघाला ३ विजय व ९ पराभव अशी कामगिरी पाहावी लागली. वाइस यांना २००९ नंतर पदमुक्त करण्यात आले आणि त्यापोटी विद्यापीठाला सुमारे १.९ कोटी डॉलर मोजावे लागले. एका प्रशिक्षकाच्या पेरणीचे पीक दुसऱ्याच्या नावावर जमा झाले आणि त्या हिशेबावर दहा वर्षांचा करार उभा राहिला, असे या प्रकरणाचे वर्णन करता येईल.

मायामी विद्यापीठाच्या लॅरी कोकर यांची कथाही अशीच आहे. पूर्वसुरी बुच डेव्हिस यांनी उभारलेला संघ हाती आल्यावर त्यांनी २००१ मध्ये, पहिल्याच वर्षी, १२ पैकी १२ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. संघ सांभाळणे हेही कौशल्यच आहे. परंतु तो नव्याने घडविण्याची कसोटी पुढे आली आणि २००६ च्या हंगामानंतर त्यांना पद सोडावे लागले.

बारा सामन्यांचे गणित

दुसरी अडचण सामन्यांच्या अल्प संख्येची आहे. प्रत्येक सामन्यात विजयाची शक्यता नेमकी निम्मी असलेला एखादा मध्यम दर्जाचा संघ कल्पिला, तर बारा सामन्यांत त्याला सरासरी सहा विजय मिळावयास हवेत. प्रत्यक्षात केवळ योगायोगाने असा संघ दर पाच हंगामांपैकी साधारण एका हंगामात आठ किंवा अधिक सामने जिंकेल, आणि तितक्याच वेळा चार किंवा त्याहून कमी सामने जिंकेल. संघ तोच, प्रशिक्षक तोच. मात्र एका वर्षी त्याची मिरवणूक निघेल आणि दुसऱ्या वर्षी राजीनाम्याची मागणी होईल.

ऑबर्न विद्यापीठाचे २०१३ चे वर्ष याचा प्रत्यय देते. आदल्या वर्षी केवळ तीन सामने जिंकलेल्या या संघाने गस मालझान यांच्या पहिल्या हंगामात १२ विजय मिळवून राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. यातील जॉर्जियाविरुद्धचा विजय शेवटच्या मिनिटात प्रतिस्पर्ध्याच्या हाताला लागून उडालेल्या चेंडूमुळे मिळाला, तर अ‍ॅलाबामाविरुद्धचा विजय शेवटच्या क्षणी हुकलेली किक झेलून मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावलेल्या खेळाडूने मिळवून दिला. पुढच्या वर्षी हाच संघ ८ विजय व ५ पराभव अशा सर्वसाधारण पातळीवर आला.

याउलट उदाहरण निक सेबन यांचे आहे. अ‍ॅलाबामा विद्यापीठातील २००७ च्या पहिल्या हंगामात त्यांच्या संघाने मैदानावर ७ सामने जिंकले आणि ६ गमावले. लुईझियाना-मन्रो या तुलनेने दुबळ्या संघाकडून घरच्या मैदानावर १४-२१ असा झालेला पराभव समर्थकांच्या जिव्हारी लागला. मात्र हे सहाही पराभव सात किंवा त्याहून कमी गुणांनी झाले होते. शिवाय फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी ज्युलिओ जोन्स आणि मार्क इनग्राम यांच्यासह देशातील सर्वोत्तम गणल्या गेलेल्या नवोदितांची तुकडी विद्यापीठात आणली. २००८ मध्ये १२ विजय, २००९ मध्ये सर्व १४ सामने जिंकून विजेतेपद आणि जानेवारी २०२४ मधील निवृत्तीपर्यंत अ‍ॅलाबामासाठी एकूण सहा राष्ट्रीय विजेतेपदे हा पुढचा इतिहास आहे.

अर्थात, निसटत्या पराभवांचे खापर नेहमीच नशिबावर फोडता येत नाही. नेब्रास्का विद्यापीठात स्कॉट फ्रॉस्ट यांच्या संघाने २०२१ मध्ये गमावलेले नऊही सामने नऊ किंवा कमी गुणांनी गमावले. आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने निकाल लागलेल्या सामन्यांत त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीचा हिशेब ५ विजय आणि २२ पराभव असा होता. एका हंगामातील निसटते पराभव दुर्दैव मानता येतात. तेच चित्र चार-पाच वर्षे कायम राहिले तर दोष तयारीत आणि ऐन वेळच्या निर्णयांत शोधावा लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांची कारकीर्द संपुष्टात आली.

आकड्यांपलीकडे काय पाहावे?

मग सुरुवातीच्या काळात पाहावे तरी काय? पहिला मुद्दा म्हणजे हाती आलेली स्थिती. व्हर्जिनिया टेकचे फ्रँक बीमर यांनी १९८७ मध्ये सूत्रे घेतली, तेव्हा नियमभंगामुळे विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांवर मर्यादा आलेल्या होत्या. पहिल्या सहा हंगामांत त्यांच्या खात्यावर २४ विजय आणि ४० पराभव होते. विद्यापीठाने संयम राखला आणि १९९३ पासून २०१५ पर्यंत सलग २३ वर्षे हा संघ हंगामोत्तर 'बोल' सामन्यांसाठी पात्र ठरला. आजच्या काळात इतका अवधी कोणत्याही प्रशिक्षकाला मिळणे कठीण आहे.

दुसरा मुद्दा प्रगतीच्या दिशेचा. कॅन्सस स्टेट येथे बिल स्नायडर यांना १९८९ मध्ये एकच विजय मिळाला. परंतु पुढील वर्षी पाच आणि त्यानंतर सात अशी ही चढण स्पष्ट दिसत होती. तिसरा मुद्दा गुणफरकाचा आणि प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाचा. बलाढ्य संघाकडून तीन गुणांनी झालेली हार आणि दुबळ्या संघाकडून तीस गुणांनी झालेली हार तक्त्यात सारखीच दिसते. चौथा मुद्दा नेमणुकीच्या वेळेचा. फॉस्टर यांची नेमणूक फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीचा मुख्य काळ उलटून गेल्यावर झाली होती. त्यांना दूर केल्यानंतर यूसीएलएने हंगामी प्रशिक्षकाच्या हाताखाली सलग तीन सामने जिंकले, तेव्हा निर्णय योग्य ठरल्याची भावना पसरली. परंतु उरलेले सर्व पाच सामने गमावून संघ ३ विजय व ९ पराभवांवर थांबला.

नियम बदलले, अवधी घटला

प्रशिक्षकाला चार वर्षे द्यावीत, म्हणजे त्याने स्वतः निवडलेले खेळाडू शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचतात, असा पूर्वी संकेत होता. संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारे 'ट्रान्स्फर पोर्टल' ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. २०२१ पासून एक वर्ष न थांबता संघ बदलण्याची मुभा मिळाली, त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर उत्पन्न मिळविता येऊ लागले आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट मोबदला देऊ लागली. परिणामी नवा प्रशिक्षक काही आठवड्यांत जवळजवळ संपूर्ण संघ बदलू शकतो आणि 'हे खेळाडू माझे नाहीत' हा बचाव दुबळा झाला आहे.

सिग्नेटी यांनी आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून १३ खेळाडू इंडियानात आणले. २०२३ मध्ये तीन सामने जिंकलेल्या संघाने २०२४ मध्ये ११ जिंकले. तोवर या विद्यापीठाने एका हंगामात कधीही दहा विजय पाहिले नव्हते. मात्र त्वरित बदल म्हणजे टिकाऊ बदल नव्हे, याचीही साक्ष मिळते. डियॉन सँडर्स यांच्या कोलोरॅडो संघाने २०२३ मध्ये पहिले तिन्ही सामने जिंकून देशभर खळबळ उडविली आणि नंतरच्या नऊपैकी एकच जिंकला. २०२४ मध्ये ९ विजय मिळाल्यावर मार्च २०२५ मध्ये त्यांना पाच वर्षांचा ५.४ कोटी डॉलरचा करार देण्यात आला. त्याच वर्षीच्या हंगामात, प्रमुख खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेल्यानंतर, संघाला केवळ ३ विजय मिळाले.

घाईची किंमत

'सोशल सायन्स क्वार्टर्ली' या नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रशिक्षक बदलणाऱ्या संघांची तशाच कामगिरीच्या, परंतु प्रशिक्षक न बदलणाऱ्या संघांशी तुलना करण्यात आली होती. अत्यंत कमकुवत संघांना बदलाचा फारसा लाभ झाला नाही, आणि मध्यम कामगिरीच्या संघांची स्थिती तर बदलानंतर अधिक खालावली, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. तरीही हकालपट्टीची भरपाई वाढतच गेली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना दूर केले, तेव्हा त्यांना सुमारे साडेसात कोटी डॉलर देणे लागत होते. २०२० मधील यशस्वी हंगामानंतर विद्यापीठाने उत्साहाने वाढविलेला करारच या बोजाचे कारण ठरला.

पैशापेक्षा मोठी किंमत विद्यार्थी मोजतात. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा अनेकदा विद्यापीठाइतकाच प्रशिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवून प्रवेश घेतो. प्रशिक्षक बदलला की त्याचे संघातील स्थान, कधी विद्यापीठ आणि त्याबरोबर अभ्यासक्रमही बदलतो. महाविद्यालयीन फुटबॉलपटूंपैकी दोन टक्क्यांहूनही कमी खेळाडू व्यावसायिक स्पर्धेपर्यंत पोहोचत असल्याने उरलेल्यांसाठी पदवी हाच खरा ठेवा असतो.

थोडक्यात, पहिला हंगाम प्रशिक्षकाविषयी काहीच सांगत नाही असे नाही. शिस्त, सहाय्यकांची निवड, नव्या खेळाडूंचा ओघ आणि संघ हंगामाअखेर सुरुवातीपेक्षा चांगला खेळतो काय, या बाबी लवकर दिसतात. दुसऱ्या हंगामात त्याने स्वतः घडविलेल्या संघाची ओळख पटते आणि तिसऱ्यापर्यंत योगायोगाचा वाटा बराच कमी होतो. हा क्रम हकालपट्टीइतकाच बक्षिसालाही लागू आहे. सात सामन्यांवर दिलेला दहा वर्षांचा करार आणि तीन सामन्यांवर घेतलेला राजीनामा, दोहोंमागे एकच उतावीळपणा असतो.