रात्री उठून बाटली कोण उकळणार?

बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून माझी बरीच वर्षं गेली. भिंतीवर कायम एक पोस्टर असतं: सहा महिने फक्त आईचं दूध, नंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहूनही पुढे. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. पण पोस्टर वाचून पाजायला लागलेली बाई मी क्वचितच पाहिली. “का पाजतेस गं?” विचारलं की उत्तरं अगदी घरगुती येतात. आईनं पाजलं म्हणून. पावडरीच्या डब्याला पैसे कुठून आणायचे म्हणून. एक शिक्षिका म्हणाली, “सिस्टर, रात्री उठून बाटली कोण उकळणार?” मला तिचं कारण सगळ्यांत प्रामाणिक वाटलं.

सुरुवात बहुतेक जणी करतात. घोडं अडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तोवर नुसता चीक येत असतो, घट्ट, पिवळसर, थोडाथोडा. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं, तेव्हा तेवढा पुरतोही. पण भेटायला आलेली आत्या पाळण्यात डोकावते आणि म्हणते, “पोर रडतंय, हिला दूधच नाही.” बाळंतिणीचा चेहरा पडतो. वरच्या दुधाची वाटी येते, बाळ ढिम्म झोपतं, अंगावर ओढत नाही. जितकं ओढलं जाईल तितकंच दूध तयार होतं, असा शरीराचा हिशेब. न ओढलेलं आटत जातं आणि आठवड्याभरात आत्याचं म्हणणं खरं ठरतं!

त्यात घाबरलेल्या, दुखणाऱ्या बाईला पान्हा फुटायला वेळ लागतो, कारण तो आणणारं ऑक्सिटोसिन ताणानं अडतं. म्हणून मी आधी गर्दी बाहेर काढते, मग बाळानं कसं धरलंय ते बघते. नुसतं बोंड तोंडात असेल तर चिरा पडतात आणि दूधही नीट येत नाही. भोवतालचा काळसर भागही बराचसा तोंडात जायला हवा, हनुवटी छातीला टेकायला हवी. दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नये, लंगोटांवरून ठरवावं. पाचव्या दिवसानंतर दिवसरात्रीत निदान सहा ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर पुरतंय. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर द्या. त्या निमित्तानं तिच्या पोटात काही जातं. दूध मात्र बाळाच्या ओढण्यानंच वाढतं.

पुढचा अडसर कामावर परतण्याचा. २०१७च्या कायदादुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांना रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघरही सक्तीचं झालं. धुणीभांडी करणाऱ्या बाईला यातलं काही नाही, ती सव्वा महिन्यात कामावर. आमच्याकडे बाळंत झालेली अशी एक बाई निघताना दूध पिळून झाकून ठेवायची. चार तासांच्या आत सासू ते वाटी-चमच्यानं पाजायची. दोन घरांच्या मधल्या वेळात ती स्वतः धावत येऊन पाजून जायची. तिला कुणी फायदे समजावले नव्हते. सासू पाठीशी होती, एवढंच.

ज्यांचं बाळ अपुऱ्या दिवसांचं, काचेच्या पेटीत, त्या तर जवळ बाळ नसताना दर दोन-तीन तासांनी दूध काढत बसतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली मातृदूध पेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, पाश्चराइज करून त्यांना मिळतं.

काहींना सगळं करूनही जमत नाही. त्यांना मी स्वच्छ वाटी-चमचा वापरायला शिकवते, बोल लावत नाही.

नवऱ्यांना मात्र सोडत नाही. रात्री बाळ उचलून तिच्याजवळ द्या, पाजून झालं की ढेकर काढा, तिला पाणी आणून द्या. आणि आत्या आली की चहा देऊन तिला बाहेरच्या खोलीतच बसवा.