स्थलनाम आणि रसास्वाद : इकेमचे मद्य व दार्जिलिंगचा चहा

फ्रेंच भाषेतील ‘तेरवार’ हा शब्द भारतीय भाषांत आणताना अनुवादकाची कुचंबणा होते. ‘माती’ म्हटले तर अर्थ संकोचतो, ‘प्रदेश’ म्हटले तर तो पसरट होतो. भूमी, हवामान, वाण आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे मानवी कसब यांच्या संयोगातून एखाद्या पदार्थास जो अनन्य रस प्राप्त होतो, त्याचे मूळ या शब्दात अभिप्रेत आहे. येथे केवळ शब्द परका आहे की संकल्पनाही परकी आहे, हा तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न होय.

या संकल्पनेचे एक ठळक उदाहरण म्हणजे बोर्दोच्या दक्षिणेकडील सोतेर्न भागातील ‘शातो द’इकेम’ हा द्राक्षमळा. सुमारे १०० हेक्टरांवरील सेमियों व सोविन्यों ब्लां या वाणांपासून तेथे गोड श्वेतमद्य तयार होते. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनानिमित्त बोर्दोच्या मद्यांची प्रतवारी झाली, तीत सर्वोच्च श्रेणी एकट्या इकेमला मिळाली. शरद ऋतूत सिरों नदीचे थंड पाणी गारोनच्या उबदार पाण्यास मिळते आणि पहाटे धुके दाटते. त्या दमटपणात बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी द्राक्षांवर वाढते. पुढे दुपारच्या उन्हाने फळातील पाणी उडून जाते व साखर आणि गंध घनीभूत होतात. एरवी पिकाचा नाश करणाऱ्या या विकारास फ्रेंच लोक ‘उदात्त कूज’ म्हणतात. सर्व मणी एकाच वेळी या अवस्थेस पोहोचत नसल्याने तोडणी करणाऱ्यांना त्याच वेलींकडे पुनःपुन्हा यावे लागते. एका वेलीपासून जेमतेम पेलाभर मद्य मिळते. १९७२, १९९२ आणि २०१२ या वर्षांचे पीक अपेक्षेस उतरले नाही, तेव्हा इकेम या नावाने मद्य काढलेच गेले नाही. नावाची प्रतिष्ठा अशी नकारातूनही राखली जाते.

भारतात याच्याशी निकटचे साम्य द्राक्षापेक्षा चहात आढळते. नाशिक परिसरात २००० पासून सोविन्यों ब्लां व शनँ ब्लां यांची श्वेतमद्ये निघू लागली. परंतु ही नावे वाणांची आहेत, स्थळांची नव्हेत. दार्जिलिंगचे तसे नाही. तेथील चहाचा व्यापार दीर्घकाळ कोलकात्यातून चालत आला आहे. १८६१ साली याच शहरात चहाचा जाहीर लिलाव सुरू झाला आणि चहा मंडळाचे मुख्यालयही येथेच आहे. मे-जूनच्या दुसऱ्या तोडणीच्या सुमारास तुडतुडे कोवळ्या पानांतील रस शोषतात. झाडाच्या प्रतिकारातून जी गंधद्रव्ये निर्माण होतात, त्यांमुळे चहाला ‘मस्कटेल’ नावाचा सुवास येतो. हे नावही मस्कट द्राक्षांवरून आलेले आहे. तेथे बुरशी, येथे कीटक. विकारातून गुण निपजण्याची प्रक्रिया मात्र एकाच जातीची आहे.

संकल्पनेच्या परकेपणाविषयी बोलायचे तर, कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षमद्याचा निर्देश करताना त्याची नावे उत्पत्तिदेशावरून सांगितली आहेत. त्यांतील ‘कापिशायन’ हे नाव कापिशी नगरीवरून आले असून, ही व्युत्पत्ती पाणिनीने स्वतंत्र सूत्राने सिद्ध केली आहे. म्हणजे स्थळ सांगितले की रस सांगितला जातो, ही जाण भारतीय परंपरेत प्राचीन आहे. तिला कायद्याचे रूप मात्र अलीकडे आले. फ्रान्सने १९३५ मध्ये मद्यांच्या स्थलनामांना संरक्षण दिले. भारतात १९९९ चा भौगोलिक निर्देशन कायदा झाल्यावर २००४ मध्ये पहिली नोंद दार्जिलिंग चहाची झाली आणि २०११ मध्ये युरोपीय संघानेही ते नाव मान्य केले.

तथापि कायद्याने प्रश्न संपत नाही. नेपाळमधील चहा दार्जिलिंगच्या नावावर विकला जातो, अशी तेथील उत्पादकांची तक्रार आहे. शेजारच्या त्या डोंगरउतारांची माती व हवा फारशी निराळी नाही. सीमा मात्र निराळी आहे. नाव भूमीचे की त्या भूमीवर खपणाऱ्या माणसांचे, हा पेच येथे उभा राहतो. मळेवाल्याइतकाच तोडणी करणाऱ्या मजुराचाही त्या नावात वाटा आहे.

मराठीत ‘खाण तशी माती’ ही म्हण वंशगुणासाठी वापरली जाते. तिच्यात भूमीचा निर्देश आहे, कसबाचा नाही. ‘तेरवार’मध्ये दोहोंचा समावेश होतो. म्हणून या शब्दासाठी एकच प्रतिशब्द घडविण्यापेक्षा कौटिल्याची रीत अधिक ग्राह्य वाटते: स्थलनाम तसेच ठेवावे आणि त्यामागील भूमी, ऋतू व श्रम यांचे विवरण करावे.