वारा आमचा, ऊन आमचे, भाग कोणाचा?

धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याने साक्री तालुक्यात शिरणाऱ्या प्रवाशाला आता वाटाड्याची गरज उरलेली नाही. पठारांवर ओळीने उभ्या असलेल्या पवनचक्क्या दुरूनच तालुक्याची ओळख पटवतात. ब्राह्मणवेल आणि त्याच्या आसपासच्या डोंगरमाथ्यांवर गेल्या दोन दशकांत उभ्या राहिलेल्या या चक्क्यांची एकत्रित क्षमता ५०० मेगावॉटच्या पुढे आहे. त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला; त्यासाठी जर्मनीच्या के.एफ.डब्ल्यू. या विकास बँकेने कर्ज दिले. ज्या वाऱ्याने आजवर आमच्या बाजरीची कणसे झोडपली आणि ज्या उन्हाने विहिरींचा तळ दाखविला, त्या वाऱ्याला व उन्हाला आता बाजारात भाव आला आहे. खानदेशच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हे.

तथापि भाव आला म्हणजे तो कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न ओघानेच येतो. साक्री तालुक्यातील तरुण आजही कामासाठी सुरत, नाशिक धरतो. ऊसतोडीच्या टोळ्या आजही दिवाळीच्या सुमारास निघतात. तालुक्यात गुंतलेले भांडवल शेकडो कोटींचे आणि तालुक्यातील माणसाची मिळकत मात्र होती तेथेच, हे चित्र सुखावणारे म्हणता येत नाही. पवनचक्क्यांच्या बाबतीत तर आरंभापासूनच एक सल आहे. ज्या वनजमिनी आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत आली, त्यांचे दावे २००६ च्या वनाधिकार कायद्याखाली चौकशीच्या फेऱ्यात अडकलेले असताना त्याच परिसरातील वनजमीन चक्क्यांसाठी मात्र वळती झाली, ही तक्रार तेथील आदिवासींनी मोर्चे काढून मांडली होती.

येथे एक खुलासा केलेला बरा. या लेखाचा रोख पवनचक्कीवर नाही. सौर फलकांवर तर नाहीच. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख ज्यांच्या अंगणात पडते, त्यांना कोळशाचे गोडवे कोणी ऐकवू नयेत. तापीकाठचा शेतकरी रात्री दोन वाजता कंदील घेऊन मोटार सुरू करायला जातो तो हौसेने नव्हे. दिवसा वीज मिळणे ही त्याच्यासाठी सर्पदंशापासूनची सुटका आहे. स्वच्छ वीज हवीच आहे. वाद आहे तो तिच्या हिशेबाबद्दल.

असाच हिशेब साठ वर्षांपूर्वी पश्चिम आफ्रिकेतील एका देशाला करावा लागला होता. घाना हा देश १९५७ साली स्वतंत्र झाला. त्याचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांनी व्होल्टा नदीवर आकोसोंबो येथे प्रचंड धरण बांधण्याचा ध्यास घेतला. जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटन यांच्या कर्जातून ते उभे राहिले आणि जानेवारी १९६६ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. पुढल्याच महिन्यात एन्क्रुमा यांची सत्ता लष्कराने उलथली, हा नियतीचा खेळ. पण आपला विषय तो नाही. धरणासाठी सुमारे ८०,००० लोक उठवले गेले. जगातील अतिविस्तीर्ण मानवनिर्मित जलाशयांपैकी एक तेथे निर्माण झाला. आणि तयार होणाऱ्या विजेचा मोठा भाग गेला तेमा बंदरातील ॲल्युमिनियमच्या एका कारखान्याकडे. त्याची मालकी कैसर आणि रेनॉल्ड्स या दोन अमेरिकन कंपन्यांची होती, आणि विजेचा दर दीर्घ मुदतीच्या करारात अत्यल्प ठरवून घेतलेला होता. घानाच्या भूमीत बॉक्साइट विपुल आहे. तरीही कारखान्याला लागणारा कच्चा माल बाहेरून येई. म्हणजे नदी घानाची, गावे बुडाली ती घानाची, कर्जाची जबाबदारीही घानाची. धातू आणि नफा मात्र परक्यांचा. १९८० नंतरच्या दशकात तो करार पुन्हा वाटाघाटीला घेऊन दर वाढवून घ्यावा लागला. तोवर वीस वर्षे लोटली होती.

आज हाच घाना पुन्हा ऊर्जेत गुंतवणूक शोधत आहे. सोने, कोको आणि खनिज तेल असूनही डिसेंबर २०२२ मध्ये त्याला परकीय कर्जांच्या बहुतांश हप्त्यांची फेड थांबवावी लागली, आणि २०२३ च्या मे महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ३ अब्ज डॉलरचे साहाय्य मंजूर करून घ्यावे लागले. देशाच्या वायव्य कोपऱ्यात लावरा आणि कालेओ येथे लहान सौर प्रकल्प उभे राहिले आहेत, आणि त्यांना अर्थसाहाय्य आहे ते के.एफ.डब्ल्यू.चेच. साक्री आणि कालेओ यांच्या दरम्यान एक समुद्र आणि एक खंड पसरलेला आहे; पण दोन्ही ठिकाणचे कर्ज एकाच खिडकीतून आले. भांडवलाला भूगोल नसतो, तो ज्याची जमीन त्यालाच असतो.

आता थोडे अमळनेरविषयी. हा लेख अमळनेरच्या माणसाने लिहावा यालाही कारण आहे. भाग या शब्दाचा अर्थ या गावाला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरला काढला. भुईमूग पिकवणारे शेतकरी, त्यांचा माल घेणारे व्यापारी आणि गावातील दोन पैसे शिल्लक टाकू शकणारी कुटुंबे यांनी शंभर-शंभर रुपयांचे भाग घेतले. कोणी भरवशाने घेतले, कोणी भिडेखातर. ती कंपनी पुढे विप्रो झाली. त्यानंतरची कथा वृत्तपत्रांनी इतक्या वेळा रंगवली आहे की आम्हा अमळनेरकरांना तिचा आता थोडा कंटाळाच येतो. तरी तिच्यातील एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मुलीच्या लग्नाला, आजारपणाला, घराच्या बांधकामाला येथील माणसांनी काही भाग विकले आणि उरलेले जपून ठेवले. जमीन विकली असती तर ती एकदाच विकली गेली असती.

श्रीमंत प्रताप शेठ यांची गिरणीही याच गावची. तिने हजारोंना मजुरी दिली. शेठजींच्या दातृत्वातून शाळा, महाविद्यालय आणि तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, त्याचे ऋण कोण नाकारील? पण गिरणीचा भोंगा थांबला तेव्हा कामगाराच्या हाती भविष्यनिर्वाह निधीपलीकडे फारसे काही उरले नाही. एकाच गावात मजुरी आणि मालकी यांतला फरक दोन पिढ्यांनी शेजारी-शेजारी पाहिला आहे.

या पार्श्वभूमीवर शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे प्रकरण आठवावे. तेथील वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची सुमारे पाच एकर जमीन दोंडाईच्याच्या औष्णिक प्रकल्पासाठी म्हणून संपादित झाली; पुढे त्या जागी सौर प्रकल्पाचे घाटू लागले. त्यांना मिळालेला मोबदला चार लाखांच्या आसपास होता आणि शेजारच्या जमिनींना त्याहून कितीतरी अधिक दर मिळाला, हा त्यांचा आक्षेप होता. दाद मागून थकलेल्या या माणसाने २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला मुंबईच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यानंतर फेरमूल्यांकन झाले आणि आधीच्या अनेक पटींनी रक्कम देऊ करण्यात आली. आधीचा आकडा योग्य होता तर तो वाढवला कशासाठी, आणि अयोग्य होता तर तो दुरुस्त करण्यास एका म्हाताऱ्याचा जीव का जावा लागला, याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

संपादनापेक्षा भाडेपट्टा बरा, हे शासनाला नंतर उमगले असे दिसते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी ५०,००० रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी शेकडा ३ वाढ अशी तरतूद आहे. कर्नाटकातील पावागड येथे सुमारे १३,००० एकरांवरील सौर उद्यानासाठी शेतकऱ्यांना आरंभी एकरी २१,००० रुपये भाडे ठरले होते. त्या मानाने महाराष्ट्राचा दर उदार म्हणावा लागेल. जमीन नावावर राहते, सातबारा शाबूत राहतो. कोरडवाहू कापसाशी तुलना केली तरी हेच दिसते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. एकरी चार क्विंटल धरले तर ३२,४४० रुपये होतात, आणि त्यातून बी, खत, फवारणी, वेचणी वजा करावयाची. तीही वरुणराजाची मर्जी असेल तर! शेतकरी भाड्याला राजी होतो तो आळसाने नव्हे. त्याला गणित येते म्हणून.

मग तक्रार कसली? गणित थोडे पुढे नेऊ. एक मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला चार ते पाच एकर जमीन लागते आणि त्यातून वर्षाला सुमारे १५ लाख युनिट वीज निघते. युनिटला ३ रुपये धरले तर उत्पन्न ४५ लाखांचे. पाच एकरांचे भाडे अडीच लाख. म्हणजे जमीनमालकाच्या वाट्याला पहिल्या वर्षी शेकडा साडेपाच. अर्थात उरलेले सारे नफा नव्हे. मेगावॉटला सुमारे चार कोटी भांडवल लागते. त्यावरील व्याज, झीज आणि देखभाल आहेच. यंत्रांच्या किमती मात्र सतत उतरत आल्या आहेत. देशात २०१० च्या सुमारास सौर विजेचा दर युनिटला १७ रुपयांच्या घरात होता. २०१७ साली राजस्थानातील भडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला. स्वस्ताईचा लाभ कोणाला किती, हे ठरविताना जमीन देणारा मेजावर बसलेला नसतो. खानदेशात बटाईने रान देण्याची रीत जुनी आहे, आणि बटाईदारदेखील मालकाला शेकडा साडेपाच देतो म्हटला तर गाव हसेल.

याहून कठीण प्रश्न भूमिहीनांचा. जमिनीच्या मालकाला निदान भाडे मिळते. त्याच रानात निंदणी, वेचणी करणाऱ्या बायांना काय मिळते? पावागडला हाच अनुभव आला. जमीनदार भाड्यावर निश्चिंत झाला आणि शेतमजुराचे काम गेले. फलक धुणे, गवत काढणे आणि राखण करणे एवढ्यावर किती हात लागणार? सौर प्रकल्प वस्तीला रोजगार देतो तो उभारणीच्या काही महिन्यांपुरता. शासकीय पत्रकांतून रोजगाराचे जे आकडे येतात, त्यांत हे महिने आणि पुढची पंचवीस वर्षे वेगळी करून दाखवलेली मी अजून पाहिली नाहीत.

उपाय अगदीच नवा आहे असे नाही. डेन्मार्कने २००९ पासून सुमारे दशकभर असा कायदा अमलात ठेवला होता की नव्या पवनचक्कीच्या मालकीतील किमान शेकडा २० भाग साडेचार किलोमीटरच्या परिघातील रहिवाशांना देऊ केलेच पाहिजेत. घेणे न घेणे त्यांच्या मर्जीवर. आपल्याकडेही २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेत शेतकरी, त्यांचे गट, सहकारी संस्था आणि पंचायती यांना ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचे प्रकल्प स्वतः उभारण्याची मुभा आहे. मुभा आहे, भांडवल नाही, आणि धीर त्याहून नाही. बंद पडलेल्या सूतगिरण्या आणि साखर कारखाने पाहिलेल्या खानदेशी माणसाची जीभ सहकार हा शब्द उच्चारताना अडखळते, यात त्याचा दोष नाही. म्हणूनच उभा राहणारा प्रकल्प खासगी असो की सरकारी, त्याच्या भागभांडवलात गावाचा वाटा कायद्याने राखून ठेवावा, ही मागणी मला अधिक व्यवहार्य वाटते. भाडे जमीनमालकाला, भाग साऱ्या गावाला; मग त्यात वेचणीला जाणारी बाईही आली.

यालाही पैसा लागेल, हे खरेच. चार कोटींच्या प्रकल्पात शेकडा ७० कर्ज धरले तर भागभांडवल उरते १ कोटी २० लाखांचे. त्याचा पाचवा हिस्सा २४ लाख. सौर कृषी वाहिनी योजनेत प्रकल्प होणाऱ्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाखांप्रमाणे तीन वर्षांत १५ लाखांचे अनुदान ठरलेलेच आहे. हे अनुदान सिमेंटचे गट्टू आणि गावाची कमान यांत जिरू न देता भागांसाठी वापरण्याची परवानगी मिळाली, तर उरतात ९ लाख. चारशे उंबऱ्यांच्या गावाला घरटी २,२५० रुपये काढावे लागतील. कापूस मोडल्यावर ज्या महिन्यात हाती पैसा खेळतो, त्या महिन्यात ही रक्कम मागून पाहण्यास हरकत नसावी.