भाडेकरूसह दुकान विकत घेताना

पेढीवरील शिल्लक एखाद्या दुकानात गुंतवावी, असा विचार आपल्या तरुण व्यापारी बंधूंच्या मनात येतो. भाडेकरू आधीच बसलेला असला म्हणजे पहिल्या महिन्यापासून उत्पन्न सुरू, हे त्यांस विशेष मोहक वाटते. परंतु परखी लावल्यावाचून जो पोते घेत नाही, तोच गृहस्थ त्या भाडेकरूशी दोन शब्द न बोलता खरेदीखतावर सही करतो, हे आश्चर्य होय.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम ३ अन्वये, प्रत्यक्ष ताबेदाराचा जो हक्क असेल त्याची जाणीव खरेदीदारास होती, असेच धरले जाते. भाडेकरूजवळ जुन्या मालकाने करून दिलेले साठेखत निघाले, तर ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब चालत नाही. म्हणून त्याची समक्ष गाठ घ्यावी. भाडे किती, कोठवर भरले, अनामत किती, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. अनामत खरेदीच्या रकमेतून वजा करून घ्यावी. पुढे ती मागावयास तो आपल्याच दारी येणार.

भाड्याचा हिशेबही करावा. ४० लाखांच्या दुकानास मासिक १५,००० म्हणजे वर्षास साडेचार टक्के. घरपट्टी, डागडुजी व रिकामे महिने त्यातूनच जावयाचे.

खरेदी होताच भाडेकरूस लेखी सूचना द्यावी. विक्रीची कल्पना नसता त्याने जुन्या मालकास भरलेले भाडे कलम १०९ प्रमाणे पुन्हा मागता येत नाही. खरेदीपूर्वीची थकबाकीदेखील, तसा स्पष्ट करार नसल्यास, विकणाऱ्याचीच राहते.